पांढरा रंग, बोटभर

डिसेंबरात बर्डीच्या उतारावर
स्वेटरवाल्यांच्या ताडपत्र्या लागल्या
की मला थोडं काम मिळतं.

यांगझोम म्हणाली, शालिकभाऊ,
पाटीवर आमचा डोंगर काढून द्या.
तिचा जन्म गोंदियाकडचा, धानाच्या बांध्यांतला.
डोंगर तिनं पाहिला तो फक्त
उत्तरेकडे रोखलेल्या आईच्या बोटात.
नाव सांगितलं तिनं,
मला दोनदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी समोरचा मोमोवाला, तेजमान.
पेंटरभाऊ, आमचा डोंगर पाहिजे.
पाकिटातून त्याच्या देशाची पाचाची नोट काढली,
घडीवर मऊ पडलेली.
बघा, सरकारनंच छापलाय.
नाव त्यानं वेगळं सांगितलं.

माझ्याजवळ नमुना एकच,
सिमेंट कंपनीच्या जुन्या कॅलेंडरवरचा.
तिला तो सरळ काढून दिला,
त्याला, कागद उजेडासमोर उलटा धरून.
पांढरा एकाच डब्यातला.

संध्याकाळी दोघं एकमेकांच्या पाट्या
बघत उभे.
तुझी सावली चुकली, तेजमान म्हणाला,
हा मागून काढलाय.
मागून तुम्ही बघता, यांगझोम म्हणाली.
मी ब्रश पुसत राहिलो.
आता हे भांडतात का काय बे?
पण त्यानं पोरासाठी माकडटोपीचा भाव विचारला.
तिनं एक रुपया सोडला नाही.

घरी जाताना झिरो माईलपाशी सायकल थांबवली.
गावांची अंतरं कोरलीत त्या दगडावर,
डोंगराचं एकही नाही.
मागं आमची टेकडी, अंधारात, फौजेच्या ताब्यातली.
सव्वीस जानेवारीला फाटक उघडतं तिचं.
बाबांच्या खांद्यावरून गेलो होतो एकदा.
लोक झेंडा बघत होते, तोफा बघत होते,
मी खाली
आमचं टिनाचं छप्पर शोधत होतो.
सापडलं नाही.
बाबा म्हणाले, हे काय, त्या लिंबामागं.
मी हो म्हणालो.

ही टेकडी काढून दे
असं कुणी कधी म्हटलं नाही मला.
मीही काढली नाही.

डब्यात बोटभर उरला होता पांढरा.
टेकडीला पांढरा लागत नाही.