भाव सापडेपर्यंत

वंगारी शेठ म्हणाले, आपली साइट जुनी झाली बे,
तिघांच्या बघ, आपल्याशी ताड,
काय बरं, काय वाईट, कागदावर लिहून दे.
मग नवी कर.
आणि ॲडव्हान्सच्या दहा नोटा
शेंगाचटणीच्या पुडीसारख्या
वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, कारखान्याची माडी.
खाली यंत्रमागांची खडखड,
टेबलावरचा चहासुद्धा त्याच ठेक्यात थरथरतो.
मी रकाने पाडले:
रंग. अक्षर. वेग. मोबाइलवर कशी दिसते.
टॉवेलचा भाव सापडायला किती क्लिक.

पहिली उघडते सावकाश,
शटर वर करताना म्हाताऱ्याचा हात मध्येच थांबावा तशी.
मग निळं पाणी, पाण्याकाठी गोरी बाई,
तिच्या खांद्यावर टॉवेल,
आणि टॉवेल सोडून सगळं स्पष्ट.

दुसरीवर चित्रं आपोआप सरकतात.
एक ओळ वाचायला घ्यावी, तर गेली पुढं.
‘आमचे ध्येय’ असं एक पान आहे,
ध्येय इतकं लांब
की खाली उतरता उतरता बोट दुखलं.

तिसरीनं आधी माझंच नाव विचारलं,
मग मोबाइल, मग ओटीपी.
नवी पेठेतला दुकानदार असं करत नाही.
तो आधी चादर हवेत फेकतो,
ती उलगडत उलगडत गादीवर पडते,
मग विचारतो, कुठल्या गावचे पाहुणे?

आमची मुद्दाम शेवटी ठेवली होती.
पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, कडेला मोर,
तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा
(त्यातले निम्मे इरप्पा दिवाणजी एकटेच असावेत),
आणि कपाळावर मळवट भरल्यासारखा
मोठ्ठा फोन नंबर.
शंभरपैकी अकरा दिले. तेही मोरासाठी.

पण आपली पारख आपण करू नये, परक्या हाताला द्यावी,
एवढं शिकलो होतो.
शिलाई खात्यातून राजमणीला वर बोलावलं.
दिवसाला सहाशे टॉवेलांना काठ घालते,
भुवयांवर सुताची लव.
म्हटलं, मोठ्या टॉवेलचा भाव शोधा,
मी काही सांगणार नाही.

पहिलीवर ती त्या बाईकडेच बघत राहिली.
“ही अंग पुसत का नाही?”
दुसरीवर सरकतं चित्र अंगठ्याखाली दाबून धरलं,
मागावरचा तुटलेला धागा धरावा तसं. सुटलं.
तिसरीला तिनं नाव तोंडानं सांगितलं
आणि उत्तराची वाट बघत थांबली.
मी घड्याळ लावून बसलेलो.
तीनही रकान्यांत लिहिलं: अयशस्वी.
कोण, ते लिहायला रकाना नव्हता.

मग आमची.
ती वाचत बसली नाही. नंबर दाबला.

कोपऱ्यात, इरप्पांच्या टेबलावर,
प्लॅस्टिकच्या टोपड्याखाली
फोन वाजला.
आम्ही तिघंही दचकलो.
इरप्पांनी सवयीनं आधी चष्मा लावला, मग उचलला.
“हलो, बोला.”
चार हातांवर उभी राजमणी पदर सावरून
तेलुगूत विचारते, मोठा टॉवेल कसा दिला?
ते कानडी वळणाच्या मराठीत,
“डझनानं पाहिजे का नगानं?”
नगानं.
“एकशे ऐंशी.”

ती गप्प.
मग फोनमध्येच, हळू, आता मराठीत:
“आणि काठाचे आम्हाला नगाला किती देता?”

इरप्पांना ते तोंडपाठ होतं,
पगाराची वही त्यांचीच.
तरी बोलले नाहीत.
दोघं फोन कानाला धरून
एकमेकांकडे बघत राहिले.
खाली माग चालूच.

भाव: एक क्लिक, एकोणीस सेकंद.
पुढच्या प्रश्नाचं घड्याळ मी बंद केलं.

रात्री अहवाल पुरा केला.
आमच्या साइटपुढं लिहिलं, जुनाट, ताबडतोब बदलावी.
माझं बिल नव्या साइटचं होतं.
फक्त नव्या आराखड्यात नंबर हलवला नाही,
तिथंच ठेवला, तेवढाच मोठा.
शेठ म्हणाले, हे कपाळावर कशाला बे?
मी म्हटलं,
तपासणीत आलंय.