दोन दोऱ्यांमधली जमीन

ऑगस्ट लागला की युनिस सॉक
न्यू ब्रन्सविकमधून खाली उतरते,
सीमेवरच्या खिडकीशी गाडी थांबवते.
"किती दिवस?" कोवळ्या मिशीचा अधिकारी विचारतो.
"झुडपं सांगतील तेवढे."
तो 'तीन आठवडे' लिहितो.

मेनमधलं हे माळरान कुणी पेरलेलं नाही.
बर्फाचा डोंगर कधीकाळी दगड टाकून निघून गेला
आणि दगडांमधल्या आंबट मातीत
घोट्याएवढी ब्लूबेरी रांगत आली,
जमिनीखालून, चाचपडत.
वर दिसतात शेकडो काटक्या, खाली एकच जीव.
पानं लाल व्हायला लागली की उमगतं
कोण कुठवर पसरलंय:
एक विटकरी, शेजारचं शेंदरी,
पलीकडचं वाळल्या रक्तासारखं.
त्यांना हद्द दाखवायला दोरी लागत नाही.

माणसांना लागते.
पहाटे धुक्यात मुकादम पांढऱ्या दोऱ्या ताणत जातो,
या दोरीपासून त्या दोरीपर्यंत तुझं.
युनिस बघते.
तिच्या माणसांनी इथे टोपल्या भरल्या
तेव्हा दोरीही नव्हती, मुकादमही.
ती बोलत नाही. बोलून खोकी भरत नाहीत.

हत्यार आईचं:
पोट सुपाचं, दात फणीचे.
झुडपात खुपसायचं, मनगट उलटायचं,
खर्रर्र.
केसांतून गुंता काढावा तशी फळं निघतात,
निळी म्हणावीत तर वर राखेची पुसट साय,
बोट लागलं की साय पुसते
आणि खालून काळोख चमकतो.
प्रत्येकीच्या डोक्यावर पाच पाकळ्यांचा मुकुट,
हरभऱ्याएवढ्या जिवाला केवढा तोरा!

एक साल आग, एक साल फळ,
असं या रानाचं गणित.
जाळल्याशिवाय नवं फुटत नाही.
त्रेपन्न हंगाम झाले, पाठ आता सरळ होत नाही,
पण वाकलेली असली की दुखत नाही.

सपाटीवरून भाचा ड्वेन यंत्र हाकतो,
तिच्या दिवसभराचं त्याचं वीस मिनिटांत.
संध्याकाळी ओशाळून सँडविच अर्धं तोडून देतो.
दगडांच्या बेचक्या, उताराचे कोपरे
यंत्राला जमत नाहीत.
तेवढे युनिसचे.
आणि अस्वलाचे.

हिवाळ्यात दवाखान्यातली नवी डॉक्टर म्हणाली,
"साखर वाढलीय. ब्लूबेरी खात जा,
रोज अर्धी वाटी. अँटिऑक्सिडंट असतात."
युनिस इतकी हसली
की दंडावरचा पट्टा सुटला.
तरी वाटेत दुकानात गेली.
प्लॅस्टिकच्या डबीत पेरूच्या ब्लूबेरी,
एका मापाच्या, गोट्यांसारख्या टपोऱ्या,
वाळवंटात नळीनं पाणी पाजून वाढवलेल्या.
एक दाताखाली धरली.
गोड. पाणीदार. पाहुण्यासारखी, जपून बोलणारी.
रंग सालीत असतो, तिला ठाऊक आहे,
आणि लहान फळाला सालच जास्त.
नाक मुरडणार होती,
पण डबी उलटी करून बराच वेळ
बारीक अक्षरं वाचत राहिली.
तोडणारीचं नाव कुठेच नव्हतं.
तिला डबीमागे काय मिळत असेल?
तिच्याकडेही दोऱ्या ताणतात का?
डबी घेतली. सगळी खाल्ली, गाडीतच.

आज हंगाम संपला.
मुकादमानं दोऱ्या गुंडाळून पोत्यात भरल्या.
दोऱ्या निघाल्यावर माळ
क्षणभर गोंधळल्यासारखा दिसला,
मग वारा आला.
युनिसनं आइस्क्रीमचे दोन रिकामे डबे
शेवटच्या बेचकीतून हातानं भरले,
फणी न लावता.
थोडी तशीच ठेवली. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

सीमेच्या अलीकडे पुन्हा खिडकी.
यावेळी एक बाई, चष्मा, कंटाळलेली.
"सोबत काय नेताय?"
"दोन डबे."
"आणखी काही?"
एकाहत्तर वर्षांची युनिस सॉक जरा विचार करते,
आणि जीभ बाहेर काढून दाखवते,
मुळापर्यंत निळी.