बोहरपट्टीत मुळा घेऊन

गंगावऱ्ह्याच्या काठाला सोसायटीची बोट
तीन दिवस गप्प होती.
दोरी ओढली की मोटर एकदा खोकायची
आणि पुन्हा धरणभर शांतता.
पुंजाराम बेंडकोळी म्हणाला, प्लग काळा पडला असंल.
असंलही.
पण काळा पडलाय हे बघायला
तो आधी बाहेर यायला हवा.

माझ्याकडे स्कूटरचा पाना होता,
सातपूरची कंपनी बंद झाली तेव्हा
पगाराऐवजी उचलून आणलेल्या पेटीतला.
तो बसला, असं वाटलं.
जोर दिला तेव्हा घसरला.
अंगठ्याची साल गेली
आणि प्लगच्या चिनीमातीला केसाएवढी चीर पडली.
बसला असं वाटणं, या विषयावर
मी बरंच काही सांगू शकेन.
राहू द्या.

डब्यातला नवा प्लग खिशात टाकून
बोहरपट्टीत गेलो.
हकीमुद्दीनशेठनी खण ओढला.
सोळा. अठरा. एकवीस.
एकविसात प्लग आपसूक शिरला,
आतल्या रबरानं त्याला मानेशी धरलं.
शेठनी पाना उलटा केला, हलवला.
प्लग पडला नाही.
"पाण्यावर काम करणार ना?
तिथं हातातून पडलेलं परत मिळत नाही."

मी पैसे काढले.
त्यांनी घेतले नाहीत.
"प्लग ज्या खड्ड्यात बसलाय तो केवढा?"
माहीत नव्हतं.
"मग? पाना प्लगला लागेल हो,
पण आधी आत उतरायला नको?
याची भिंत जाड आहे. वरच अडकेल.
माप आण."
सोळा किलोमीटर मी आलो तसा परत,
हातातलं गिऱ्हाईक सोडणाऱ्या माणसाला
मनातल्या मनात शिव्या देत.

घरी व्हर्निअर नाही.
पट्टी खड्ड्यात वाकत नाही.
बोट जातं, पण बोटाला आकडे नसतात.
चांगुणा कोशिंबिरीला मुळा किसत होती.
मी अर्धा मागितला.
तिनं विचारलं नाही कशाला,
एवढी वर्षं झाली आता.

काठावर, मोबाईलच्या उजेडात
मुळा तासत बसलो.
थोडा तासायचा, घालून बघायचा.
अडला. पुन्हा तासायचा.
पुंजाराम विडी विझवून लांब उभा,
पेट्रोलच्या धाकानं, की हसू लपवायला, कळलं नाही.
शेवटी एकदा मुळा
गच्च नाही, सैल नाही, असा आत गेला,
आणि बाहेर आला तेव्हा
त्याच्या पांढऱ्या अंगावर तेलाची एक गोल रेघ होती.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यातून
तो काउंटरवर ठेवला.
अंबडचा एक पोरगा म्हणाला,
"शेठ, भाजी पण घेता का?"
शेठ हसले नाहीत.
व्हर्निअरचे जबडे मुळ्याला लावले,
चष्मा कपाळावर ढकलून वाचलं:
"साडेअठ्ठावीस."
सदऱ्याच्या टोकाला व्हर्निअर पुसलं
आणि आतल्या खोलीत गेले.
बराच वेळ डबे वाजत राहिले.

आणला तो पाना चकचकीत नव्हता.
काळपट, लांब, पातळ भिंतीचा.
बाहेरून सत्तावीस, आतून एकवीस.
"दीड मिलिमीटर मोकळीक," ते म्हणाले,
"एवढी पुरते."

प्लग सुटला तो आवाज
मला लिहून दाखवता येत नाही.
टक् नाही, कर्र पण नाही.
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं काहीतरी.
नवा लावताना पाना बाजूला ठेवला,
आधीचे फेरे बोटांनीच दिले,
आटे एकमेकांना ओळखेपर्यंत.
मग पाना. मग पाव फेरा.

तिसऱ्या ओढीला मोटर लागली.
पुंजाराम जाळी घेऊन सावरगावच्या अंगानं गेला,
मागे निळा धूर, बदकं उठली.

पान्याला भोक पाडून नायलॉनची दोरी ओवली,
ती आता माझ्या मनगटाला असते.
मुळा मी पाण्यात टाकला.
मासे आले, वास घेतला, निघून गेले.
उरलेल्या अर्ध्याची कोशिंबीर
त्या रात्री जरा कमीच पडली होती,
हे चांगुणा अजून सांगते.