घरात डोळे आलेत

आधी मुंजाजीचे आले.
सेलूच्या स्टँडवरून रिक्षा घेऊन परतला तो
एक डोळा चोळत. म्हणाला, कचरा गेलाय.
सकाळी दोन्ही. दुपारी राघूचे.
मंगळवारी सासूबाईंचे,
मोतीबिंदूची तारीख मिळाली होती, ती पुढं गेली.
बुधवारी उठून पाहते तर कावेरीचेही.

'आले' म्हणायचं त्यांना,
जणू आधी नव्हतेच कुणाला.

माझ्या मांडीवर आरीची चौकट.
मोंढ्यातल्या काबऱ्यांच्या सुनेचा ब्लाउज,
पाठीवर मोर, पिसाऱ्यात एकशे चाळीस डोळे,
प्रत्येकात निळा मणी, भोवती जरीचा वेढा.
शनिवारी द्यायचा. साडेतीन हजार,
त्यातले हजार आधीच उचललेले.
माझे आले
तर मोर आंधळा राहील.

सरकारी दवाखान्यातली सिस्टर म्हणाली,
बघितल्यानं नाही होत बाई, हातानं होतं.
टॉवेल वेगळा, उशी वेगळी,
आणि हात धुवा. घडोघडी धुवा.

नळ नवव्या दिवशी येतो आमच्याकडं.
आज सहावा.
ड्रममध्ये वाकून पाहिलं,
तळाशी माझाच चेहरा, लांब.
तांब्यातांब्यानं हिशेब मांडला:
कुणाला ड्रॉप टाकले की अर्धा,
कणीक मळायच्या आधी अर्धा,
आरी धरण्याआधी पूर्ण, साबण दोनदा.
हात धुतलेलं पाणी बादलीत, बादली संडासात.
अंघोळी बंद.
चार खिळे, चार टॉवेल.
पाचवा माझा, मशीनच्या कप्प्यात, कुलपात.

ठाऊक होतं बघितल्यानं होत नाही,
तरी वाढताना मी ताटाकडंच बघायची.
काळ्या चष्म्यातून मुंजाजी म्हणाला,
"लग्नात बी अशीच खाली बघत हुतीस."
हसले. वर नाही पाहिलं.
सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या,
ठसक्यानं सगळ्यांचे डोळे आणखी वाहिले.

रात्री मी मशीनपाशी निजायची, दाराच्या अलीकडं.
सकाळी कावेरीच्या पापण्या चिकटलेल्या,
ती भिंत धरधरून यायची.
"आई, हायेस का?"
"हाय. तिथंच थांब."
त्या आठवड्यात किती वेळा म्हणाले मी,
तिथंच थांब.
उकळून निवलेल्या पाण्यात कापूस भिजवून
नाकाकडून कानाकडं पुसायचे,
एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नाही.
पापण्या सुटल्या की ती परत मिटून घ्यायची, घट्ट.
"मी नाही बघत तुझ्याकडं.
मोर राहिलाय नं तुझा."

शनिवारी पहाटे मोर झाला.
काबऱ्यांच्या ओट्यावर मोठ्या बाईंनी लांबूनच विचारलं,
"तुमच्याकडं साथ आहे म्हणे?"
पिशवी दोन बोटांत धरून आत नेली.
पैसे कठड्यावर ठेवले,
उडू नयेत म्हणून वर कुलूप.
माझे डोळे पांढरे, स्वच्छ होते.
त्यांनी ते बघितलेच नाहीत.

परतले तर सगळे निजलेले.
नळ अजून यायचा होता.
ड्रम कलता केला, अर्धा तांब्या निघाला,
तो तसाच झाकून ठेवला.
मशीनपाशी टेकले.
कावेरी उठली. मिटल्या डोळ्यांनीच
चाचपडत आली माझ्यापर्यंत,
मांडीवर हात फिरवला, चौकट नव्हती,
तिथं बसली.
मग तिचा हात वर. हनुवटी. नाक.
माझ्या पापण्यांवर तिची दोन बोटं,
कोमट, चिकट.

मी मागं सरले नाही.

"आई, तुझे आले?"
"नाही."
"मग मी उघडू?"