चाळिसावा पेला

सोमवारी सकाळी मी पेले धुते.
चाळीस. करंगळीएवढे, काचेचे.
तबकाला चाळीस भोकं, ज्याचं घर त्याला ठरलेलं.
खाण चालू होती तेव्हा सहा तबकं लागत,
आता एक पुरून उरतं.

इथल्या डोंगरातून पाटीचा दगड निघायचा.
पावसात अख्खं गाव अजूनही
ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं दिसतं,
कुणीतरी पुसून ठेवलेलं
आणि पुढचं लिहायला विसरलेलं.

माझ्या वडिलांनी सातव्या वर्षी शपथेवर सही केली.
सही कसली, नुसतं नाव, त्यातलं एक अक्षर उलटं.
मरेपर्यंत थेंब घेतला नाही.
खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा
आधी उजेडात धरून वाचायचे.
कारण त्यांचे वडील.
पगाराच्या शनिवारी आजी त्यांना
कोळशाच्या ढकलगाडीत घालून चढावरून आणायची,
आणि दोन्हीकडचे पडदे हलायचे.

म्हणून हेब्रोन चॅपलमध्ये प्रभुभोजनाला
न आंबवलेला रस,
लहान मुलाच्या औषधासारखा गोड.

नवे पाळक कार्डिफचे. तरुण आहेत, सायकलवरून येतात.
जानेवारीच्या सभेत म्हणाले,
खरा द्राक्षारस का नको आपल्याला?
लग्नघरचे सहा रांजण
काय सरबताने भरले होते?
म्हातारे कॅडवलाडर खुर्चीतून अर्धे उठले:
आणि तारवातून उतरलेला तो? जग बुडालेलं पाहून आला,
पहिला मळा लावला, आणि तंबूत उघडा पडला,
पोटच्या पोरांदेखत!
मग पोटासाठी थोडा घे म्हणणारं पत्र निघालं,
मग झिंगू नका म्हणणारं.
वचनं एकमेकांवर धडकत होती
एडक्यांसारखी, डोकी खाली घालून.
हीटर घरघरत होता. मी चहा ओतत होते.

माझ्या कपाटात, पिठाच्या डब्यामागे,
बहिणीने नाताळात दिलेली शेरी आहे.
गुडघे ठणकले की एक टोपण.
कधी दोन.
हे मी सभेत सांगितलं नाही.

मागच्या बाकावरून इड्वल बोलला.
अकरा वर्षांत सभेत त्याने तोंड उघडलं नव्हतं.
बायको गेली, ट्रक गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली,
मग एका नोव्हेंबरात तो आमच्या दाराशी उभा होता,
बुटांतून पाणी गळत होतं.
म्हणाला, ठेवा की. लोकांनी घ्यावा.
त्यात पाप असेल असं मला नाही वाटत.
फक्त, तबक हातातून हातात येतं ना,
ते माझ्याकडे आलं की,
मी ते धरलेलं असेपर्यंत
कुणी माझ्याकडे बघू नका.

एवढं बोलून खाली बसला.
कॅडवलाडरांनी चष्मा पुसला, पुसतच राहिले.
पाळकांनी वही मिटली. मत कुणी मागितलं नाही.
रस तोच राहिला.
कोण जिंकलं, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या सोमवारी पेले एकोणचाळीस भरले.
दोनदा मोजले. बाकांखाली वाकून पाहिलं,
गुडघ्यांच्या शिव्या खात.
गुरुवारी इड्वल आला.
खिशातून रुमाल, रुमालातून पेला.
चुकून गेला माझ्याबरोबर, म्हणाला.
खिडकीत ठेवला होता. एक हिमफूल मावतं त्यात.
तीन बोटांनी धरून त्याने तो दिला,
अंडं द्यावं तसा.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी हसत उभी होते.
मग पेला नाकाशी नेला.

साबण. थोडी माती.
बाकी काही नाही.

नंतर बराच वेळ नळाखाली
तो एकच पेला धूत राहिले.
पिठाचा डबा समोरच होता.
त्याच्याकडे बघितलं नाही.