झोपेची वही

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
अख्खा ताव दिव्याखाली धरायचा, चूक शोधायची:
फाकलेली शाई, सरकलेला आकडा,
कडेला केसाएवढी चीर.
सापडली की लाल खूण.
डोळ्यांना एवढंच शिकवलं,
बरोबर आहे ते बघू नका.

निवृत्त झाले, डोळे झाले नाहीत.
पाठ टेकली की दिवसाचा ताव समोर.
सुनेला बोललेलं एक वाक्य, कडेला चिरलेलं.
गॅसचा नॉब. बँकेतली सही.
ब्याण्णव सालातली चार दिवसांची रजा,
आईने मागितलेली,
मी न टाकलेली.

जेलरोडची रात्र मला विचारा.
सव्वाला स्टेशनात मालगाडी थांबते,
धक्का डब्याडब्यातून मागे जातो,
शेवटचा डबा कुठला ते मी आवाजावरून सांगेन.
अडीचला कुत्री. चारला दुधाच्या किटल्या.
आणि शेजारी हे, उशीला कान लागायचा अवकाश,
गाढ. अशा वेळी नवऱ्याबद्दल
काय काय मनात येतं, ते लिहीत नाही.

ताजनपुरेबाई म्हणाल्या, दुधात जायफळ उगाळा.
जाऊबाईंनी काशाची वाटी पाठवली.
तळवे काळे होईस्तोवर घासली;
तळवे झोपले.
मुलाने मोबाईलवर पावसाचा आवाज लावून दिला,
मी उठून गच्चीवरचे कपडे काढायला गेले.
मग गोळी. अर्धी, मग एक, मग दीड.
गोळीची झोप हुबेहूब खऱ्यासारखी,
फक्त उजेडात धरली
तर आत चेहरा नसतो.

कॉलेज रोडच्या डॉक्टर खैरनार, माझ्या मुलीच्या वयाच्या.
म्हणाल्या, गोळी एकदम सोडायची नाही हं,
मी सांगेन तशी पायरीपायरीने उतरू.
आणि ही वही. किती वाजता पडलात,
अंदाजे किती वेळाने लागली, कितीदा उठलात.
घड्याळ मात्र भिंतीवरून काढायचं.
अंदाजे!
जन्मात एक ताव मी अंदाजे मोजला नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी वही वाचली.
पलंगावर आठ तास, झोप पाच.
मग पलंगावरही पाचच, म्हणाल्या.
साडेबाराच्या आत गादीला शिवायचं नाही,
साडेपाचला उठायचं, लागो न लागो.
येत नसेल तर तिच्यापुढे हात पसरून पडायचं नाही,
दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं.
दुपारची डुलकी बंद, चारनंतरचा चहा बंद.
मी म्हटलं, उपाशी माणसाच्या ताटातली भाकरी काढताय.
हो, म्हणाल्या. थोडे दिवस. भूक लागू दे.

पहिला आठवडा नको आठवायला.
डिसेंबरची थंडी, साडेअकराला मी गॅलरीत उभी,
डोळ्यांत वाळू.
आमटीत मीठ दोनदा.
भांडायला फोन केला तर त्यांनी स्वतः उचलला,
आणि माझं भांडणच पळालं.

सतराव्या रात्री, की अठराव्या,
स्वेटरसकट कलंडले.
सकाळी वहीच्या समासात लिहिलं
(रकाना नव्हता त्याला):
मालगाडी ऐकली नाही.

बरी झाले असं नाही म्हणत.
गोळी आता पाव आहे.
घड्याळ कपाटात, साड्यांच्या घडीखाली,
अजून चालतं, मला माहीत आहे.
काल परत मध्यरात्री जाग. किती वाजता,
अंदाजे.
उठले, स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत राहिले.
ताव आला समोर. तीच रजा, तीच आई.
चूक स्पष्ट दिसत होती.
जाऊ दिला.
तसाच, चलनात.

सोललेला लसूण किलोभर साठलाय.
ताजनपुरेबाई, डबा घेऊन या.