मोजमाप-वहीतून, रायबंदर

पान पहिलं. अक्षर माझं.
नदीकडची भिंत : जाडी दोन हात, चार बोटं
(मेस्तानं टेप लावूच दिला नाही).
पायऱ्या : सुकतीला अकरा, भरतीला चार.
खिडक्या सहा. शिंपल्यांची तावदानं,
त्यांतली शाबूत सतरा.
आत सापडलेल्या वस्तू :
वाळत घातलेलं जाळं, एक.
बदामराजा नसलेला पत्त्यांचा जोड.
ओली चड्डी, लहान मुलाची.
तारल्यांची पाटी, वर बर्फ, अजून न वितळलेला.

म्हणजे कुलपाची किल्ली कुणाकडे, हे विचारत
फाईल सात महिने पणजीत फिरत होती,
आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

मिठाचं गुदाम हे. अगरांतल्या होड्या
इथंच टेकायच्या, बायका टोपल्या घेऊन चढायच्या,
आणि भिंत आतून खात राहायची
थोडं थोडं, कुणाच्या हिशेबात न येता.
मग कुणीतरी तिला सिमेंट चोपडलं.
आनाक्लेत मेस्त म्हणाला, रेनकोट घातला हिला,
आतला घाम जाणार खंय?
छिन्नीनं तो सिमेंट काढत होता
भाजलेल्या माणसाची पट्टी सोडवावी तसा.

शिंपल्यांचा चुना चाळीस दिवस खड्ड्यात भिजला.
तीन हात दिले. आठव्या सकाळी
भिंतीवर पांढरी लव.
आर्किटेक्ट बाईंनी पुण्याला फोन लावला, औषध विचारलं.
मेस्तानं बोट फिरवलं, जिभेला लावलं :
"ओकतेय. ओकू दे तिला."

मग कागद भिजवायचे, लगदा करून लेपायचा,
वाळला की सोलायचा, मीठ घेऊन येतो तो.
कागद कुठून आणायचा?
मी फाईलच्या जादा प्रती दिल्या.
पत्रव्यवहार, स्मरणपत्रं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र,
सगळं पिंपात विरघळलं. माझी सही शेवटपर्यंत तरंगत होती.
सात महिन्यांत पहिल्यांदाच
त्या कागदांनी काहीतरी ओढून बाहेर काढलं.

उद्घाटनाला फित, नारळ, बँड.
बाकं आली, दिवे आले, चोडणच्या फेरीची वाट बघणाऱ्यांना
सावली मिळाली. हे खरं, ते नोंदवतो.
आणि आदल्या रात्री वरून यादी आली,
ती मीच पेंटरला वाचून दाखवली,
नदीकडच्या भिंतीवर, निळ्या ऑईलपेंटात :
मासळी विकण्यास मनाई.
जाळी सुकवण्यास मनाई.
पत्ते खेळण्यास, पायऱ्यांवरून पोहण्यास मनाई.
वाचता वाचता मला ती कुठेतरी वाचल्यासारखी वाटली.
पान पहिलं. अक्षर माझं.

मेस्त बाजूला विडी शिलगावत उभा.
भिंतीवरच रंगवताय? म्हणाला.
रंगवा, रंगवा.

दुसऱ्या दिवशी पिएदाद चौथ्या पायरीवर,
मांडीवर पाटी, पाटीवर फडकं.
सिक्युरिटीचा येल्लप्पा म्हणाला, मावशी, विकायला बंदी.
"विकतेय कोण? बसलेय.
बसायलाच बांधलंय मरे तुम्ही?"
तो विचारात पडला. भिंतीला टेकला.
संध्याकाळी घरी जाताना त्याच्या खाकी पाठीवर
पांढरा नकाशा होता, कुठल्या देशाचा कोण जाणे.

आता पाहणीला जातो दर महिन्याला.
निळा रंग फुगलाय, पापुद्रे सुटलेत,
मासळी गेली, जाळी गेली,
पोहण्यास आहे अजून अर्धं,
आणि एका कोपऱ्यात नुसतं ‘नाई’,
त्याच्याखाली एक पोरगा पॅन्ट पिळतोय.
पत्त्यांच्या डावात नवा बदामराजा,
सिगरेटच्या पाकिटावर पेनानं काढलेला.

वहीत रकाना आहे : फलकाची स्थिती.
मी लिहितो :
भिंत श्वास घेत आहे.
मग ते खोडतो, कारण वही वर जाते,
आणि लिहितो :
दुरुस्तीची आवश्यकता नाही.